रुईची सवत

शाळेच्या भिंतीवर यादी लागली, त्या वेळी पार्वताबाई डोक्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन वावरातून घराकडे चालली होती. फाल्गुन अर्धा सरला होता. शेवटची वेचणी उरकून कापूस अमरावतीच्या बाजारात गेला होता, रानात नुसत्या काड्या उभ्या होत्या, आणि ऊन आत्ताच असं तापू लागलं होतं की दुपारी बाहेर दिसणारा माणूस घरच्यांशी भांडून निघाला असावा असं वाटे. पार्वताबाईने भारा खाली ठेवला नाही. तशीच मान ताठ धरून ती भिंतीपुढे उभी राहिली आणि वाचू लागली.

वाचायला येऊन तिला दोन महिने झाले होते. छप्पन्नाव्या वर्षी, शाळेच्या ओसरीवर, तेरा बायकांच्या घोळक्यात ती पाटी घेऊन बसायची. पुस्तकातला बैल आणि पुस्तकातली विहीर तिला आता ओळखू येत होती. पण पुस्तकाबाहेर कुणी काही लिहिलं आहे आणि ते आपल्याबद्दल आहे, असा प्रसंग आजवर आला नव्हता.

यादीत वर्गातल्या चौदा जणींची नावं होती. पहिलं कौशल्याबाई भगवंतराव. ही तिची थोरली जाऊ. त्यातल्या जोडाक्षरापाशी पार्वताबाई बराच वेळ अडली. सातवं पार्वताबाई वामनराव, म्हणजे सरपंचांची बायको. आठवं पुन्हा पार्वताबाई. हे आपलं. त्यापुढे एक शब्द होता. त्यात जोडाक्षर नव्हतं. 'पा' तर तिच्याच नावातला. तो शब्द तिने एका दमात वाचला आणि क्षणभर तिला बरं वाटलं, अख्खा शब्द आपण न अडखळता वाचला म्हणून. मग तो कोणता शब्द आहे ते तिच्या ध्यानात आलं.

पाटाची.

ती घरी आली. भारा अंगणात टाकला. सुनेला म्हणाली, "जमुना, पानी दे वो माय." पाणी पिऊन भिंतीला टेकून बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. जमुनेला वाटलं, ऊन लागलं असावं.

बोरखडीत हा शब्द कुणी शिवी म्हणून वापरत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. कुंवार पोरीचं मांडव घालून, हळद लावून, वाजंत्री वाजवून होतं ते लग्न. नवरा मेलेल्या बाईचं दुसऱ्यांदा घर मांडून देतात तो पाट. त्यामुळे गावातल्या बायका दोन तऱ्हेच्या, लग्नाच्या आणि पाटाच्या. गोठ्यातल्या एका बैलाला बांड्या म्हणावं आणि दुसऱ्याला मोऱ्या, इतक्या सहजपणे लोक ते बोलत. गावात पार्वता दोन होत्या. एक सरपंचाची पार्वता, दुसरी पाटाची पार्वता. अडतीस वर्षं हेच चालत आलं होतं.

ती मूळची अकोल्याकडची. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि तेराव्या वर्षी नवरा पटकीने गेला. चार वर्षं बापाच्या घरी शेणपाणी केल्यावर बापाने तिचा पाट बोरखडीच्या खुशालरावाशी ठरवला. खुशालरावाच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. म्हणून त्याला कुणी कुंवार मुलगी देईना. पण तो स्वतः बिनलग्नाचा होता, आणि बिनलग्नाच्या पुरुषाला सरळ पाट लावता येत नाही, अशी रीत. आधी त्याचं एक लग्न व्हावं लागतं. मग त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावलं. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक रुई होती. तिला पिवळं फडकं गुंडाळलं, हळद लावली, मध्ये अंतरपाट धरला, लोकांनी अक्षता टाकल्या. सासूने रुईची ओटीसुद्धा भरली. त्यानंतर चार दिवसांनी, अंधाऱ्या पाखात, उजाडायच्या आत पार्वतेला मागच्या दाराने घरात घेतलं. दिवस वर येईपर्यंत तिचं तोंड कुणी पाहायचं नव्हतं. तिला हळद लागली नाही, अक्षता पडल्या नाहीत, कुणी तिचं नाव घेतलं नाही.

गावातल्या बायका पहिल्या महिन्यातच तिला चिडवू लागल्या. पार्वता सतरा वर्षांची होती आणि तिला या गावात राहायचं होतं. एक दिवस विहिरीवर ती म्हणाली, "मी कायची मोठी बाई. मोठी त धुऱ्यावर उभी हाय. माही सवत." बायका हसून हसून वाकल्या. त्या दिवसापासून तिला गावाने आपलं मानलं. मग ज्या ज्या वेळी तो शब्द यायचा, त्या त्या वेळी ती सवतीची गोष्ट काढायची. लोक हसायचे. बाई हसतमुख आहे, मनात काही ठेवत नाही, असं म्हणायचे. खुशालराव जिवंत होता तोवर धुरा साफ करताना विळा रुईपाशी थांबवायचा आणि बायकोकडे पाहून हसायचा. तो गेल्यावर ती स्वतः विळा थांबवू लागली. आता तिथे पाच-सहा रुया होत्या. त्यातली लग्नाची कोणती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शाळेत नाव घातल्यापासून तिने एकच गोष्ट मनात धरली होती. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, परीक्षा झाली की विकास ब्लॉकचे साहेब येतील, गावासमोर एकेकीचं नाव पुकारतील आणि पास झाल्याचा कागद देतील. पार्वताबाईचं नाव आयुष्यात कधी चारचौघांत पुकारलं गेलं नव्हतं. पहिल्या लग्नात ती बापाच्या खांद्याला टेकून झोपली होती. दुसऱ्या खेपेला तोंड लपवून आणलं होतं. आपलं नाव कुणी मोठ्याने घेतं आहे आणि आपण उठून उभ्या राहतो आहोत, एवढंच तिला हवं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते नाव कसं पुकारलं जाणार, ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

मास्तरीणबाईंचं नाव सिंधू. अमरावतीच्या वकिलाची मुलगी, वय बावीस, पहिलीच नोकरी. यादी करताना तिने बायकांना विचारलं होतं, पार्वताबाई दोन आहेत, तर दुसरीचं पूर्ण नाव काय. बायका म्हणाल्या, पाटाची. पार्वताबाईने स्वतः मान हलवली होती. सिंधूला ते आडनाव वाटलं. तिने यादी लिहिली, एक प्रत अमरावतीला ब्लॉकच्या ऑफिसात पाठवली आणि एक भिंतीवर लावली.

चार दिवसांनी कौशल्याबाई बोलता बोलता हसून म्हणाली, "बाई, सगळ्याईच्या पुढं नवरा लिवला, अन् हिच्या पुढं पाट लिवला तुमी." सिंधूने अर्थ विचारला. कौशल्याबाईने रुईसकट सगळं सांगितलं. सिंधू तशीच उठून पार्वताबाईच्या घरी आली. घरात सूर्यभान जेवत होता. हा पार्वताबाईचा एकुलता मुलगा.

"माझी चूक झाली," सिंधू दारातच म्हणाली. "मी यादी दुरुस्त करून घेते."

"राहू द्या न बाई," पार्वताबाई म्हणाली. "गावच तसं म्हनते. तुमाले कुठं मालूम होतं."

"पण तुम्हाला वाईट वाटलं असेल."

पार्वताबाईने चुलीतली लाकडं पुढे सारली. सूर्यभानाने हात धुतला आणि म्हणाला, "बाई, एक सांगू काय? विमलचं लगन हाय वैशाखात. माह्या पोरीचं. अंजनगाव सुर्जीचे लोक हायत, मोठ्या खटल्याचे. आता पाटाचं नाव काढून गावात चर्चा कराची म्हंजे आपनच तोंडानं सांगाचं. जे चाललं ते चालू द्या."

"त्यांना माहीत नाही का?"

"मालूम हाय. पन मालूम असनं अन् पंचायतीत बोलनं येगळं असते."

सिंधूला ते पटलं नाही. ती तरुण होती आणि चूक तिच्या हातून झाली होती. ब्लॉकच्या ऑफिसने कळवलं की नाव चुकलं असल्यास सरपंचाच्या सहीचा अर्ज पाठवावा. तिने अर्ज लिहिला आणि पंचायतीच्या बैठकीत नेला. बैठक शाळेच्या ओसरीवरच भरायची. विषय बायकांच्या वर्गाचा म्हणून बायकांनाही बोलावलं होतं. पार्वताबाई त्यांच्यात, खांबाच्या आड, पदर पुढे ओढून बसली. समोर भगवंतराव होते, कौशल्याबाईचे यजमान, तिचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे तिने उभ्या जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं.

सरपंच वामनरावाने अर्ज लांब धरून वाचला. "नाव चुकलं म्हंता बाई. काय चुकलं? पाटाची नाई काय ते?"

"आहेत. पण ते नाव नाही."

"नाव नसन, वळख हाय. माह्या घरचीबी पार्वताच. साहेबानं पुकारलं अन् दोघीबी उठल्या, मंग?"

"खुशालरावांच्या पार्वताबाई म्हणता येईल. बाकी तेरा जणींपुढे नवऱ्याचं नाव आहे. यांच्याच पुढे का नसावं?"

वामनराव विचारात पडला. तो काही वाईट माणूस नव्हता. "लिवलं त तुमीच बाई," तो शेवटी म्हणाला.

"मीच लिहिलं. मला ते आडनाव वाटलं."

लोक हसले. पंजाबराव सगळ्यांत मोठ्याने हसला. अकोल्याच्या कोर्टात दोन दावे हरून आल्यापासून या माणसाला वाद घालायची गोडी लागली होती. "मी काय म्हंतो," तो सरसावून बसला, "यात शिवी कोनती ते दाखवा. आंधळ्याले आंधळा म्हनाव नाई, लंगड्याले लंगडा म्हनाव नाई. उद्या तुमी म्हनसान बैलाले बैल नोका म्हनू, त्याले वाईट वाटते."

"तुले म्हनलं त तुले वाटन," मागून कुणीतरी बोललं, आणि पुन्हा हशा झाला.

सिंधू हसली नाही. "शब्दात शिवी नाही, हे मला मान्य आहे. पण त्या शब्दामागून काय काय येतं ते पाहा. मागच्या दारानं आणायचं, उजाडेपर्यंत तोंड पाहायचं नाही, हळदीला हात लावू द्यायचा नाही. अडतीस वर्षं रोज हाक मारताना तुम्ही त्यांना तेच पुन्हा सांगता."

"ते जुनं झालं," भगवंतराव म्हणाले. "आता कोन पायते ते."

"आता हळद लावू देता का?"

भगवंतरावांनी तंबाखूची चंची उघडली आणि त्यात पाहू लागले. बायकांकडून कौशल्याबाई बोलली. ती जावेच्या शेजारीच बसली होती.

"बाई, राग नोका मानू. आमी तिले मायेनं म्हंतो. इतक्या सालात कोनी तिले टाकून बोललं असन त सांगा. अन् तुमी बामनाच्या. तुमच्यात अशा पोरीचं काय करतात? डोकं भादरून मोरीपाशी बसवतात. आमी निदान घर त देतो मांडून. मंग वाईट कोन, आमी का तुमी?"

सिंधूचा चेहरा उतरला. "आम्ही," ती म्हणाली. "माझी आत्या आहे अकोल्याला. गोदावरी तिचं नाव. नऊ वर्षांची होती नवरा गेला तेव्हा. आज घरात तिला नावानं कुणी हाक मारत नाही."

"मंग काय म्हंतात?" कौशल्याबाईने विचारलं.

"ते मी इथे सांगणार नाही."

वामनरावाने अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "हे पाहा, वादात काई दम नाई. मले सही कराची म्हंजे हे चुकीचं हाय असं लिवून द्या लागते. चूक त काई नाई. आता वाईट वाटते का नाई हा सवाल रायला. मानूस समोर बसून हाय, तिलेच इचारा न. काहो पार्वताबाई, तुमाले वाईट वाटते काय?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

हो, एवढंच म्हणायचं होतं. पार्वताबाईला ते कळत होतं. पण ती सकाळपासून पऱ्हाट्या उपटत होती. तिच्या तळहातांना फोड आले होते, पाठ भरून आली होती. हो म्हटलं की लोक विचारणार, कधीपासून. मग अडतीस वर्षांचं हसणं उकरून काढावं लागणार. सूर्यभानाच्या हळदीच्या दिवशी, नवरा जिवंत असूनही, आपण धान्याच्या कोठीमागे उभ्या राहून पाहत होतो आणि आपल्या लेकराला हळद ही शेजारी बसलेली कौशल्या लावत होती, तेही सांगावं लागणार. ओसरीखाली लिंबाच्या झाडाला टेकून सूर्यभान जमिनीकडे पाहत उभा होता. भासरे चंची चाळत होते. तिच्या जिभेला एकच वाट ठाऊक होती, आणि ती त्याच वाटेने गेली.

"मले काय इचारता भाऊ," ती पदराआडून म्हणाली. "माह्या सवतीले इचारा. लगनाची ते हाय."

ओसरी हसण्याने दणाणली. भगवंतरावसुद्धा हसले. पंजाबरावाने मांडीवर थाप मारली. वामनरावाने अर्ज सिंधूच्या हातात परत दिला. "पाहा बाई. जिचं तिलेच काई नाई."

लोक पांगल्यावर सिंधूने तिला वाटेत गाठलं.

"असं का केलंत?" सिंधूने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सवय हाय बाई."

"एकदा हो म्हणायचं होतं. मी होते ना."

"तुमी दोन सालानं बदली होऊन जासान." पार्वताबाई थांबली. तिचे गुडघे दुखत होते. "मले इथंच मराचं हाय. अन् तुमी सगळेजन भांडत होते, कोनाचं बरोबर, कोनाचं चूक. मी आयकत होती. मले असं वाटलं का हे दुसऱ्याच कोन्या बाईचं चाललं हाय."

सिंधूने हातातल्या अर्जाची घडी घातली.

"आयतवारी साहेब येतीन, मी येत नाई," पार्वताबाई म्हणाली. "माहं नाव नोका पुकारू."

पण रविवारी ती गेली. विमलने नेलं. विमल सूर्यभानाची थोरली, चौथी शिकलेली. तिने आजीचं ठेवणीतलं लुगडं धुऊन ठेवलं होतं, पाटीवर आजीकडून नाव गिरवून घेतलं होतं. "आजी, तू नाई आली त मी तिथं कोनाले पाहू?" ती म्हणाली. पार्वताबाईने लुगडं हातात घेतलं.

शाळेसमोर सावलीला कापडाची फारी बांधली होती. मारुतीच्या देवळातला कर्णा आणून लिंबावर टांगला होता. ब्लॉकचे साहेब चांगले होते. लांबलचक बोलले नाहीत. त्यांनी सरळ नावं पुकारायला घेतली. एकेक बाई उठायची, टेबलापाशी जाऊन वहीत सही करायची, कागद घ्यायची. लोक टाळ्या वाजवायचे. कौशल्याबाई अंगठा द्यायच्या सवयीने आधी बोट पुढे करून बसली, मग हसून तिने टाक उचलला. सातव्या नंबरला सरपंचाची पार्वताबाई गेली आणि आली.

"पार्वताबाई पाटाची," साहेब म्हणाले.

उठायचं असं पार्वताबाईने ठरवलं होतं. वाटेत ठरवलं होतं, आत्ता हात गुडघ्यावर ठेवूनही ठरवलं होतं. जिथे जन्म गेला तिथे एका शब्दासाठी काय अडून बसायचं. पण तो शब्द तिने आजवर विहिरीवर ऐकला होता, ओट्यावर ऐकला होता. कर्ण्यातून तो गावावरून गेला आणि वावरांकडे निघून गेला. ती उठली नाही.

"पार्वताबाई पाटाची," साहेबांनी पुन्हा पुकारलं.

लोक तिच्याकडे वळले. त्यांचे चेहरे हसायला तयार होते. आता ती सवतीचं काहीतरी बोलणार आणि आपण हसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पंजाबराव तर आधीच हसू लागला होता. पार्वताबाई काही बोलली नाही. समोर बघत बसून राहिली. पंजाबरावाचं हसू एकटंच थोडं पुढे गेलं आणि थांबलं. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. सिंधू खुर्चीवरून अर्धी उठली होती.

कौशल्याबाईने शेजारी वळून पाहिलं. जावेचा न हसणारा चेहरा ती बहुधा पहिल्यांदाच पाहत होती. मग बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, खुशालरावची पार्वता म्हना. ते अशी नाई उठत."

"कागदावर तसं लिहिलेलं नाही, बाई."

"कागदावर नसन. मी तिची जाऊ होय. मले मालूम हाय तिचं नाव."

साहेबांनी वामनरावाकडे पाहिलं. ऊन फारीतून खाली उतरू लागलं होतं, अजून सहा जणी राहिल्या होत्या आणि त्यानंतर चहा व्हायचा होता. वामनरावाने हात हलवला. "म्हना न साहेब. म्हना तसं."

"पार्वताबाई खुशालराव," कर्णा म्हणाला.

आता तिला उठता आलं. टेबलापर्यंत वीस पावलं होती. वहीत तिने 'पार्वता' लिहिलं, रफार थोडा तिरका पडला. टाळ्या वाजल्या की नाही ते तिला कळलं नाही.

घरी जाताना कौशल्याबाई तिच्याबरोबर चालली. दोघींची घरं एकाच बोळात.

"पंचायतीत इचारलं होतं तुले," कौशल्याबाई म्हणाली. तिचा सूर जरा रागाचा होता. "तवाच सांगाचं न."

"हो."

"तू त हासत होती."

"हो. हासत होती."

"इतके साल हासली. मंग आमाले कसं समजाव बाई? आमी काय देव हाओ?"

पार्वताबाईने पदर सारखा केला. भांडायला अंगात त्राण नव्हतं आणि कौशल्या खोटं बोलत नव्हती. बोळाच्या तोंडाशी ती थांबली. जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं.

"बाई, वैशाखात विमलची हळद हाय."

"हाय न."

"मी लावीन."

कौशल्याबाई दहा-पंधरा पावलं तशीच चालली, पार्वताबाई तिच्यामागून. "अंजनगावचे लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन."

"तुहे भासरे आयकनार नाईत."

"तुमी सांगसान त आयकतीन."

कौशल्याबाईने घराचं दार लोटलं. आत जाता जाता, मागे न पाहता म्हणाली, "पाहू."

या घरातलं 'पाहू' पार्वताबाईने पुष्कळ ऐकलं होतं. त्याचं कधी काय होतं आणि कधी होत नाही, तेही तिला माहीत होतं. एरवी ती इथे काहीतरी बोलून जावेला हसवून सोडून गेली असती. आज ती तशीच उभी राहिली, आणि मग आपल्या घरात गेली.

जमुनेने पाणी आणून दिलं. पार्वताबाई भिंतीला टेकून बसली. विमलने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. कारकुनाचं अक्षर मोठं सुबक होतं. वाचता वाचता पोरीचे डोळे एका जागी थांबले. कागदावर जुनंच नाव होतं. तिने आजीकडे पाहिलं.

"आजी, याच्यावर त..."

"मालूम हाय. मी वाचलं वाटंनं." तिने डोळे मिटले. "पयला शब्द वाच. मोठ्यानं वाच."

"पार्वताबाई," विमलने वाचलं, आणि ती थांबली.

"बस," आजी म्हणाली. "आता ठेवून दे."